कृपाचा डावा पाय

"आता सांगतो ते तुमाला पटायचं न्हाई," मी म्हणालो. "पटावं असं माझं म्हननंबी न्हाई. पन काल दुपारी ह्याच बाकड्यावर बसून मी पुण्यातल्या गाडीचं बेअरिंग पकडलं. फोनवर. नुसत्या कानानं."

कारभारीनं तोंडातली काडी काढली. माझ्या गॅरेजशेजारी त्याचं पंक्चरचं दुकान आहे आणि माझ्या गोष्टींतली हवा काढणं हा त्याचा जोडधंदा.

"मिस्त्री, मागं तुमी धुराच्या वासावरनं ट्रक कुठल्या पंपावर डिझेल भरून आला ते सांगितलं हुतं."

"पंप न्हाई. तालुका."

ज्ञानेश्वर हसला. त्याची पेरूची पिकअप माझ्याकडे जॅकवर चढलेली होती, म्हणजे त्याला उठून जाता येत नव्हतं. असा ऐकणारा मला आवडतो. पलीकडे छबूबाई आपल्या टपरीत चहाचं गाळणं झटकत होती.

खरं तर कारभारीनं थोड्या वेळापूर्वी साधाच प्रश्न विचारला होता. हरेगावच्या चर्चमधल्या मतमाउलीची यात्रा जवळ आली होती, राहात्यातून तिकडे जाणाऱ्या गाड्या दिसायला लागल्या होत्या. "आवंदा तरी यील का तुमची कृपा?" एवढंच त्यानं माझ्या मुलीबद्दल विचारलं. उत्तर एका शब्दाचं होतं. पण गेली दोन वर्षं मी "यील" म्हणालो होतो आणि दोन्ही वर्षं यष्टीनं एकटाच जाऊन मेणबत्ती लावून आलो होतो. नुसत्या "यील"ला आता कुणी किंमत दिली नसती.

"तर फोन आला," मी म्हणालो. "पप्पा, गाडी आवाज करती. मी म्हनलं, घाबरू नको. बाजूला घे, न्यूट्रल कर, हँडब्रेक वढ, इंजिन चालू ठेव. आन् फोन गिअरच्या दांड्यापाशी धर."

"आन् तुमाला ऐकू आलं?" ज्ञानेश्वरनं विचारलं. "ह्या रोडवर?"

"तीच तर गंमत हाय. नेमका यात्रेचा डीजे आला समोरनं. मी नुसता हात वर केला. त्यानं डीजे बंद केला. मागं शिर्डीची बस हुती, डायवरनं इंजिन बंद केलं. त्याच्या मागचे समदे थांबले. नगर-मनमाड रोड असा गप झाला, की छबूबाईच्या पातेल्यातला चहा उकळताना ऐकू येत हुता."

"मी कुठं हुतो तवा?" कारभारी म्हणाला.

"तू घोरत हुतास. तुला लाथ मारून गप करावं लागलं."

आता मात्र छबूबाईही हसली. ती हसली की गोष्ट नीट चालली आहे असं मी समजतो. मे महिन्यात तिच्या डोळ्याचं ऑपरेशन कृपानंच पुण्यात आपल्या दवाखान्यात करवून घेतलं होतं. कृपा तिथे नर्स आहे. छबूबाई परत आली तेव्हा मी तिला खोदून खोदून विचारलं होतं: वाळली का, जेवते का वेळेवर, माझं काही बोलली का. शेवटी नव्या गाडीचंही विचारलं. "पांढरी हाय," छबूबाई म्हणाली. तिला गाडीतलं तेवढंच कळतं.

"पुढं?" ज्ञानेश्वर म्हणाला.

"पुढं काय, खरी तपासनी. तुलाबी सांगून ठेवतो, कामाला यील. आवाज दोन जातीचा असतो. क्लचवरचा पाय काढला की जात्यावानी घरघर आन् दाबला की बंद, तर रोग गिअरबॉक्साच्या बेअरिंगला. खोललं की दिवस गेला. आन् उलटं झालं, पाय काढला की गप आन् दाबला की रातकिड्यावानी किर्रर्र, तर क्लचचं बेअरिंग. मी म्हनलं, कृपा, दाब हळूच."

हे सांगताना माझा डावा पाय आपोआप जमिनीत रुतला. गॅरेजपुढची माती तेल पिऊन पिऊन मऊ झाली आहे.

"किर्रर्र. म्हनलं, सोड. गप. दाब. किर्रर्र. मी म्हनलं, पोरी, तुझी खोड गेली न्हाई अजून."

"कसली खोड?"

ती खोड मात्र मला रचावी लागली नाही. कृपाला गाडी मीच शिकवली, भंगारातून उभ्या केलेल्या लाल गाडीवर, प्रवरेच्या कॅनॉलकडेच्या कच्च्या रस्त्यानं. मागच्या सीटवर सिल्व्हिया, तिची आई, जपमाळ ओढत बसलेली असायची. तेव्हापासून कृपा डावा पाय क्लचवरून उचलतच नसे. गरज असो नसो, पाय तिथेच टेकलेला. मी लाख वेळा सांगितलं, अगं, बेअरिंग झिजतं. नंतर ती लग्न होऊन पुण्याला गेली आणि दरवर्षी यात्रेच्या आधी लाल गाडी किरकिरत दारात यायला लागली. मग मी सांगणं सोडून दिलं. ती सकाळी यायची, मी दिवसभर गाडीखाली पडून असायचो, आणि ती वर स्टुलावर बसून तिच्या दवाखान्यातलं सांगत असायची. पाना मागितला की न बघता बरोबर नंबरचा पाना हातात द्यायची. सिल्व्हिया गेली त्या वर्षीसुद्धा आली. नंतर लाल गाडी विकली. नवीन गाडीचं काम शोरूमवाले करतात, असं कळलं.

यातलं मी काहीच बोललो नाही. म्हणालो, "क्लचवर पाय ठेवून चालवायची खोड. नव्या गाडीचीबी वाट लावली तिनं. मी म्हनलं, दुसऱ्या कुनाला हात लावू दिऊ नको. शनिवारी घिऊन ये, मी करतो. तर म्हनली, येते पप्पा. आन् तशीच यात्रेलाबी जाऊ म्हनली."

"शनिवारी?" कारभारीनं विचारलं. त्याच्या आवाजातली थट्टा गेली होती. "मग ती मधली जागा मोकळी करावी लागंल. माझे टायर हालवतो मी."

"हालव," मी म्हणालो. "आन् छबूबाई, शनिवारी दूध वाढीव घ्या. तिला तुमचाच चहा लागतो."

छबूबाई चहाचे ग्लास घेऊन आली होती. तिनं ते खाली ठेवले नाहीत.

"मिस्त्री," ती म्हणाली, "पुण्यात मला स्टँडवर सोडाया आली ना ती, तवा मी पुढंच बसले हुते तिच्याशेजारी. डोळा नवा हुता, समदं बघत हुते. तिचा डावा पाय नुसताच कडंला पडलेला. मला वाटलं, दुखतुय का काय. इचारलं, तर म्हनली, न्हाई मावशी, ह्या गाडीला क्लचच नसतो."

कारभारी हसेल असं मला वाटलं. तो हसला नाही. त्यानं छबूबाईच्या हातातला एक ग्लास घेऊन माझ्याजवळ बाकड्यावर ठेवला आणि रस्त्याकडे बघत राहिला.

माझा डावा पाय अजून मातीत दाबलेलाच होता.