परवलीची भिंगरी

डेअरीतल्या यंत्रखोलीत सकाळची पाळी सुरू झाली, की कुणी ना कुणी ओरडायचंच, "अरे, भिंगरी टाका!" मग कुणीतरी कॉम्प्युटरवर 'भिंगरी' हा पासवर्ड टाकायचा आणि दूध तापवणारं यंत्र सुरू व्हायचं. हा शब्द ड्रायव्हरला ठाऊक, सफाईवाल्याला ठाऊक, काम सोडून गेलेल्यांनाही ठाऊक. असं हे गुपित! तुमच्या-आमच्या ऑफिसातही असं एखादं असेलच, खोटं कशाला बोला?

शब्द ठेवला होता तापमास्तरांनी. दूध तापवण्याचं काम त्यांचं, म्हणून हे नाव. आणि स्वभावानंही जरा तापच होते, म्हणूनही. भिंगरी ही त्यांची लेक. लहानपणी पायाला भिंगरी लावल्यासारखी घरभर फिरायची. मोठी झाली आणि फिरत फिरत नोकरीसाठी पार समुद्रापलीकडे जाऊन बसली. रविवारी फोन यायचा. "जेवलास का, बाबा?" "हो. तू?" एवढ्यात पलीकडून कुणीतरी तिला तिच्या कागदोपत्री नावानं हाक मारायचं आणि बोलणं तिथेच तुटायचं. मास्तरांना ते नाव परक्याचं वाटे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात भिंगरी म्हणायला कुणी उरलं नव्हतं. यंत्रखोलीत मात्र तिचं नाव रोज कानावर पडायचं. तेवढ्यासाठी मास्तर पाळी नसली तरी सकाळी येऊन बसत.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी त्यांना बजावलं होतं, "मास्तर, प्रत्येकाला आपापला पासवर्ड हवा. आणि हा तर बदलाच."

"बाई, यंत्र बदला, मला बदला. भिंगरीला हात लावायचा नाही!"

आणि एके दिवशी बाई ओरडत फाटकाकडे धावल्या. "गाड्या थांबवा!" चाचणीची वाट न बघता गाड्या नेहमीसारख्या निघायच्या बेतात होत्या.

"झालं काय?" मास्तर चिडले. "स्क्रीनवर तापमान बरोबर आहे की!"

"स्क्रीन खोटं बोलतेय. चाचणीत दूध कच्चं निघालंय."

बाईंनी यंत्रातल्या दुधात थर्मामीटर बुडवला. दूध जेमतेम कोमट. शोधाशोध झाली, तेव्हा उलगडा झाला. दुरुस्तीवाल्यांसाठी बाहेरून इंटरनेटची एक जोडणी कायम उघडी ठेवलेली होती. तिथून कुणीतरी आत शिरलं होतं, तापमान उतरवलं होतं आणि स्क्रीनवर जुनेच आकडे फिरत ठेवले होते. पासवर्ड कुठून मिळाला? लेकीच्या वाढदिवसाला मास्तरांनी इंटरनेटवर सगळ्यांना दिसेल असा फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'अख्ख्या डेअरीची लाडकी भिंगरी'.

"चोराला दार फोडावंच लागलं नाही," बाई म्हणाल्या. आवाज मात्र चढवला नाही. "मास्तर, हे दूध आजारी माणसं पितात, लहान लेकरं पितात. तुमची भिंगरीही याच दुधावर वाढली ना?"

मास्तरांनी स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. भिंगरीची बाटली भरली, की आधी मनगटावर थेंब टाकून बघायचे ते. दूध स्वतः तापवलेलं, तरी बघायचे! आणि दुसऱ्यांच्या लेकरांसाठी तेवढीही काळजी नाही?

"चुकलो हो, बाई! आत्ताच्या आत्ता बदला."

त्या दिवसापासून ज्याचा पासवर्ड त्याच्याच जवळ राहू लागला. दुरुस्तीवाल्याला उलट फोन करून खात्री पटल्याशिवाय बाहेरची जोडणी उघडेना. स्क्रीन काहीही म्हणो, बाईंनी हो म्हटल्याशिवाय गाडी हलत नसे. आणि काही खटकलं तर बेलाशक ओरड, कुणी रागावणार नाही, असं सफाईवाल्यालाही सांगून ठेवलं.

पण सकाळ सुनीसुनी झाली. कुणी ओरडेना, नुसती बोटं चालत. रविवार नव्हता, तरी मास्तरांनी आवारात जाऊन फोन लावला.

"बाबा? बरा आहेस ना? काय झालं?"

"काही नाही गं. तुझं नाव घ्यायचं होतं."

पलीकडे कुणीतरी तिला हाक मारली. "नंतर येते," असं तिनं त्याला सांगितलं. मग हळूच म्हणाली, "घे ना, बाबा. इथे मला त्या नावानं कुणीच हाक मारत नाही."

"भिंगरी," मास्तर म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले.

मंडळी, यंत्रं कितीही शहाणी झाली, तरी आपल्या पुढ्यात येणारं अन्न माणसांच्या सावधपणामुळेच सुरक्षित राहतं. पासवर्ड असा ठेवा, की तो कुणाच्या ओठांवर येणार नाही. आणि लाडक्या माणसाचं नाव ओठांवर आलंच, तर सरळ त्यालाच फोन लावा.