चोवीस खोल्यांतलं पहिलं बिऱ्हाड

गावाचं नशीब उजळायला दोनच गोष्टी लागतात, बाजारपेठ आणि कामगारांना पक्की घरं. हे सत्य फसली तेराशे छत्तीस साली, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे सत्तावीसच्या आसपास, परतूरच्या गोपीकिशन सेठांना उमगलं आणि त्यांनी आपल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याशेजारी दहा दुकानं आणि चोवीस खोल्या बांधून काढल्या. खोल्यांत माणसं राहतील, माणसं दुकानांत येतील, गाव वर येईल. विचारात खोट नव्हती. फक्त दिवाळी होऊन गेली तरी खोल्यांत एक माणूस शिरला नव्हता, आणि दहा दुकानदार एकमेकांनाच सुपारी विकत बसले होते.

कुणी का शिरत नव्हतं, ते सेठजी सोडून सगळ्यांना माहीत होतं. बांधकामाला कोंबडं दिलेलं नव्हतं. सेठजी मुंग्यांना साखर घालणारे. त्यांच्या जागेवर रक्त सांडायची सोय नव्हती. त्यांनी होम केला, अकरा नारळ फोडले. नारळ देवाला पोचले असतील, पण जागा उपाशी राहिली. कापूस निवडणारी झुंबरबाई तर छातीवर हात ठेवून सांगायची, "जागा आपलं आपण घेती. पयला जो शिरंल, त्याच्या घरचं सगळ्यात धाकटं."

जिनिंगचा मुकादम कडूबा हे ऐकून रोज थोडा थोडा वाळत होता. त्याच्या घरचं सगळ्यात धाकटं म्हणजे तीन वर्षांची लेक. आणि शुक्रवारी सेठजींनी त्यालाच बोलावलं.

"देख कडूबा, मुकादम राह्यला की मागं मजूर येतात. सोमवारी तुझं बिऱ्हाड पहिल्या खोलीत दिसलं पायजे. न्हाई तर मी दुसरा मुकादम पाह्यतो."

"सेठजी, जागेला अजून काही दिलं न्हाई..."

"अकरा नारळ दिले की!"

"नारळ बराबर हाय, पण..."

"कडूबा," सेठजींनी डोळे मिटले, "माझ्या जागेवर जीव गेला, तर मारणाराचा पगार त्याच दिवशी बंद. बिलकुल."

शनिवारी भर दुपारी कडूबा बायकोला, नंदाबाईला, आणि लेकीला खोली दाखवायला घेऊन गेला. दोघं उंबऱ्याबाहेरच थांबली. लेक मात्र हात सोडून आत पळाली, मोकळ्या भिंतींत आवाज घुमतो म्हणून टाळ्या पिटू लागली. तेवढ्यात उन्हानं तापलेला पत्रा डोक्यावर ताडकन वाजला. कडूबानं लेकीला उचललं आणि थेट स्टेशनच्या रस्त्यापर्यंत धूम ठोकली. एक वहाण तिथंच राहिली. ती आणायला कुणी गेलं नाही.

संध्याकाळी लेकीचं अंग तव्यासारखं तापलं.

"घेतली," नंदाबाई एवढंच म्हणाली.

"अजून न्हाई घेतली," तो म्हणाला. "जागा मागून राह्यली. तिचं तिला देऊन टाकू."

"आन् सेठजी?"

"सेठजीला दिसलं न्हाई म्हंजे झालं."

सोमवारी बैलगाडीवर बिऱ्हाड चढलं. गोधड्या, जातं, दोन उतरंडी, आणि झाकण दोरीनं आवळलेला एक हंडा. हंड्यात काळा कोंबडा. लेक नंदाबाईच्या मांडीवर डोळे मिटून पडलेली. रस्ता नेमका दहा दुकानांसमोरून, आणि पहिल्या दुकानात गादीवर सेठजी स्वतः.

"या, या!" सेठजी धावत खाली उतरले. पहिलं बिऱ्हाड म्हणून त्यांनी कुंकवाची वाटी तयार ठेवली होती. त्यांनी बैलांना टिळा लावला, कडूबाला लावला, मग सामानाकडे वळले. बोट हंड्याला टेकलं मात्र, आतून आवाज आला.

"हे काय?"

कडूबानं बैलांचा कासरा आवळला.

"लेक कण्हून राह्यली, सेठजी," नंदाबाई म्हणाली. "लई ताप हाय."

सेठजींनी लेकीकडं पाहिलं, मग हंड्याकडं. हंडा पुन्हा कण्हला. सेठजी दोन पावलं मागं सरले. "जल्दी ने तिला आत," ते म्हणाले. "हवा लागंल."

आत गेल्यावर कडूबानं कडी लावली. सुरी दोनदा खाली पडली. काम झालं, रक्त उंबऱ्याला लागलं, आणि दारावर थाप पडली.

"कडूबा, उघड. चौकट फुगली का पाह्यतो."

मच्छिंद्र गवंडी. या खोल्या त्यानंच बांधलेल्या. दार उघडावंच लागलं. मच्छिंद्रनं उंबरा पाहिला, पिसं पाहिली. कडूबानं त्याचे पाय धरले.

"सेठजीला सांगू नको, बाबा. लेकीसाठी केलं."

मच्छिंद्र खाली बसला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"येड्या, हितं कशाला दिलं? पाया भरला तव्हाच मी दिल्तं. ह्याच उंबऱ्याखाली. चांगला तीन शेरी कोंबडा व्हता."

"मंग सांगितलं का न्हाई? अख्खं गाव भिऊन राह्यलं!"

"अख्ख्या गावाला सांगितलं असतं तर सेठजीला कळलं नसतं? मलाबी लेकरं हाईत."

कडूबाला बरं वाटायला हवं होतं. उलट भीती वाढली. दोन दिवस भीतीला निदान नाव होतं आणि त्या नावावर उतारा होता. जागेला आधीच पोचलेलं असेल, तर मांडीवरचं हे पोर कशानं जळतंय? त्यानं नंदाबाईकडं पाहिलं. ती लेकीचं कपाळ चाचपत होती, आणि तिच्याही डोळ्यांत तोच प्रश्न येऊन बसला होता. मच्छिंद्र पिसं गोळा करू लागला. वर पत्रा वाजला. या वेळी कुणीच पळालं नाही. पळून जायचं कुठं, तेच समजेना.

बुधवारी लेकीच्या अंगावर गोवर उमटला आणि दहाव्या दिवशी उतरला. बिऱ्हाड जिथून निघालं त्या जुन्या गल्लीत तो त्याआधीच पंधरा दिवस फिरत होता.