उन्हात वाळत घातलेली नऊ वर्षं

आमच्या तारकर्लीत कोणाला सरकारी कागद आला की तो आधी माझ्या ओसरीवर येतो आणि मग त्याच्या मालकाला कळतो. मी शाळेत शिकवते, म्हणजे मला इंग्रजी येतं, म्हणजे वाडीचे सगळे अर्ज मीच लिहायचे, असं केव्हातरी ठरून गेलंय. मला कोणी विचारलं नव्हतं. मे महिन्याच्या सुट्टीत तर मी फुकटचं टपालखातंच असते.

१९८७ च्या मे महिन्यात शेजारचे सत्यवानकाका केळुसकर असाच एक कागद घेऊन आले. स्वतःहून नव्हे, काशीबाईकाकीने त्यांना पुढे घालून आणलं होतं.

"वाच गो बाय," काकी म्हणाली. "ह्येंका विचारलंय तर म्हणतत, काय नाय, हापिसाचो कागद."

काका सरकारी रेस्ट हाऊसवर शिपाई होते. एकतीस मेला रिटायर होणार होते. कागद कणकवलीच्या ऑफिसातून आला होता आणि त्यात असं होतं, की श्री. केळुसकर यांची कायम नोकरी भरते फक्त आठ वर्षं. त्याआधी पंधरा वर्षं ते रोजंदारीवर होते, ती धरत नाहीत. पेन्शनला दहा वर्षं लागतात.

"म्हणजे पेन्शन नाय?" काकीने विचारलं.

"थांब, पुढे आहे."

पुढचा भाग चांगला होता. काका तरुणपणी नऊ वर्षं पलटणीत होते. त्या नोकरीला वेगळी पेन्शन नव्हती, कारण ती मुदतीआधीच संपली होती. पण ती नऊ वर्षं या आठ वर्षांना जोडता येत होती. कायम झाले तेव्हा काकांनी तसा अर्ज केला होता, पलटणीतून मिळालेली रक्कमही परत भरली होती. आता फक्त डिस्चार्ज बुक दाखवायचं. त्यात भरतीची तारीख, सुटल्याची तारीख आणि सुटण्याचं कारण हवं. कारण महत्त्वाचं; शिस्तभंगासाठी काढून टाकलेलं असेल तर सगळी नऊ वर्षं पाण्यात.

"मग झालंच की!" मी म्हटलं. "बुक खंय आसा?"

काका खाली बघायला लागले. काकी मात्र खुलली.

"देवाऱ्यात," ती म्हणाली.

बुक आलं ते खणात गुंडाळून. मी उघडलं, पहिल्या पानावर काकांचा फोटो, नंबर, सगळं स्वच्छ. दुसरं पान उलटलं आणि मी बुक उजेडाकडे धरलं. त्या पानावर हळद आणि कुंकवाचा गिलावा बसला होता. मधोमध दोन तांदळाचे दाणे चिकटलेले. अक्षर म्हणून दिसत नव्हतं.

"काकी, ह्यां काय केलंस?"

"पूजा," ती साधेपणाने म्हणाली.

आमच्याकडे दसऱ्याला जो तो आपली हत्यारं पुजतो. कोणी कोयता, कोणी वल्हं, कोणी जाळं. काकांची बंदूक सरकारने ठेवून घेतली, मग काकीने त्यांचं पुस्तक पुजायला घेतलं. आणि वाचता येत नसल्यामुळे तिने पान निवडलं ते शिक्क्यावरून. ज्या पानावर सिंह होते ते. सिंह म्हणजे देवीचं वाहन, तेव्हा देवी त्याच पानात, यात शंका कसली? तीस दसरे, दर दसऱ्याला हळद आणि त्यावर कुंकू. आणि भारत सरकारने सिंह नेमके त्याच पानावर उमटवले होते जिथे तारखा आणि कारण लिहिलेलं होतं.

नुसता रिवाज नव्हता तो. त्याच्यामागे काकीची एक गोष्ट होती, ती आख्ख्या वाडीला पाठ आहे. सत्तावन साली तिचं पहिलं मूल जन्मताच गेलं. त्यानंतर ती तीन महिने अंथरुणाला खिळली, बोलेना, खाईना. सासू आधीच वारलेली, घरात बाईमाणूस नाही. शेजारणी पेज भरवून जायच्या आणि बाहेर येऊन डोळे पुसायच्या. आणि एके दिवशी दारात काका उभे, खांद्यावर ट्रंक घेऊन. पलटणीने म्हणे तेव्हाच माणसं कमी केली होती. काकी म्हणायची, "मसुऱ्याच्या भराडीदेवीन धाडल्यान माझ्या घोवाक. नायतर नेमकी तेवाच कशी माणसां कमी केल्यानी?" ज्या कागदाने नवरा घरी आला, त्या कागदाची ती पूजा करत होती.

करायला गेली गणपती आणि झाला मारुती.

दुसऱ्या दिवशी काकांना आणि बुकाला घेऊन मी कणकवली गाठली. हेडक्लार्क गुरुदासभाऊ, चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणं छापील. त्यांनी पान उघडलं आणि आधी हात जोडले. सवयीने जोडले असावेत.

"बाई, हे डिस्चार्ज बुक आहे की देवीचा मुखवटा?"

"खाली सगळं लिहिलेलं आहे," मी म्हटलं.

"असेल. पण मला ते वाचून नोंद करायची आहे. आर्मीकडून नवी नक्कल मागवली तर सहा महिने जातील. अठ्ठावीस तारखेपर्यंत वाचता येईल असं काहीतरी आणा. नाहीतर आठ वर्षं धरून मला फाइल पाठवावी लागेल. मला आनंद नाही त्यात."

परतीच्या एसटीत मी मनातल्या मनात सगळ्या सरकारला शिव्या घातल्या. काका मात्र खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ऱ्हवांदे गो. चार माड आसत, जाळां आसा. दोन माणसांक काय लागता?"

मला रागच आला. सतरा वर्षांची पेन्शन हातची जाते आणि हा माणूस माड मोजतोय! पण घरी काकीची अवस्था बघून माझा राग विरघळला. ती जेवली नव्हती. माझ्याच हातान केलंय, माझ्याच हातान, एवढंच म्हणत होती.

सकाळी विहिरीवर तिने मला बाजूला घेतलं.

"बाय, एक विचारू? ह्ये म्हणतत, ऱ्हवांदे. ह्येंका पेन्शन नको कशी झाली? त्या पानावर कायतरी वायट लिवलेलां नसात मा?"

"वाईट काय असणार?"

"बाबू चायवालो लोकांक सांगता, सत्यवानाक पलटणीन हाकललो म्हणान. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणता. मी कधी मानलंय नाय. पण आता..." तिने रहाट सोडला. "जां आसात तां. माझी पूजा मीच काढतलंय."

आणि तिने ती काढण्याची युक्तीही सांगितली. लग्नातल्या हळदीचे डाग साबणाने जात नाहीत, भट्टीने जात नाहीत, उन्हाने जातात. हे आमच्याकडे शेंबड्या पोरीलाही माहीत आहे आणि मला, दोन परीक्षा पास झालेल्या बाईला, सुचलं नव्हतं. कुंकूही हळदीचंच. पलटणीची शाई मात्र पक्की असणार.

आधी तिने मऊ फडक्याने वरचा थर झाडला. मग खळ्यात, म्हणजे अंगणात, मेच्या उन्हात बुक उघडून ठेवलं, एका बाजूला कोकमाची सोलं, दुसऱ्या बाजूला चटईभर गोलमो, म्हणजे सुकत घातलेली बारीक कोळंबी. पान वाऱ्याने उलटू नये म्हणून चार कडांना चार शिंपले. आणि स्वतः काठी घेऊन माडाच्या सावलीत बसली. कावळे गोलमा सोडून त्या पुस्तकाकडेच का बघतात, यावर तिचं आणि कावळ्यांचं दिवसभर भांडण.

दुपारी मी बघायला गेले तर बुक पडवीच्या सावलीत.

"सावळेत कोणी ठेवल्यान?" काकी जेवून बाहेर येत ओरडली.

काका खोकले. "शाई उडात म्हणान..."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. यावेळी मी माझ्या ओसरीवरून प्रत्यक्ष बघितलं. साठीचा माणूस, एके काळचा जवान, पाय न वाजवता खळ्यात शिरला, बुक उचललं आणि सुपाखाली ठेवलं. काकीनेही बघितलं. ती ओरडली नाही. तिने बुक पुन्हा उन्हात मांडलं आणि काठी घेऊन त्याच्या शेजारीच बसली. तिच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं आणि खरं सांगते, माझ्याही मनात तेच यायला लागलं होतं. काका असं काय लपवतायत?

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पान कोऱ्या मांजरपाटाच्या रंगाचं झालं आणि त्यावर निळी अक्षरं उभी राहिली. मी झेपावलेच. काकीने बुक मिटलं.

"आता नाय. हापिसात वाच. वायट आसात तर थयच ऐकतंय, वाडीत नको. भराडीची शपथ घे, उघडूचं नाय म्हणान."

मी शपथ घेतली. बुक रात्रभर माझ्याच घरी होतं, कारण काकांवर काकीचा आता विश्वास नव्हता. माझ्यासारख्या चौकस बाईने ते उघडलं नाही, यासाठी खरं तर मलाच पेन्शन मिळायला हवी.

अठ्ठावीसला आम्ही तिघं कणकवलीला. काकीने नव्या लुगड्याची घडी मोडली होती. गुरुदासभाऊंनी बुक हातात घेतलं, उघडलं आणि थांबले. नाकपुड्या हलल्या.

"कसला वास हा?" पुन्हा हुंगलं. आणि त्या छापील माणसाचा चेहरा एकदम बदलला. "गोलमो? गोलमोच मा? आयशप्पत, माझ्या आवशीच्या खळ्यातलो वास!"

शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. भाऊ भानावर आले, चष्मा सारखा केला आणि पानावर बोट ठेवलं.

"भरती, अकरा मार्च अठ्ठेचाळीस. सुटका, दोन एप्रिल सत्तावन. नऊ वर्षं, बावीस दिवस." त्यांनी नोंद केली. "आता कारण."

ते मनातल्या मनात वाचू लागले. वाचून झाल्यावर त्यांनी काकांकडे बघितलं, मग काकीकडे.

"वाचू?"

"वाचूक कित्या होया?" काका घाईने म्हणाले. "लिवन घेवा."

"वाचा," काकी म्हणाली. तिने माझा हात धरला होता. "मोठ्यान वाचा."

भाऊंनी इंग्रजी वाचून मराठी केलं. "स्वतःच्या विनंतीवरून नोकरीतून मुक्त. कारण: पत्नी गंभीर आजारी, घरी काळजी घेणारं दुसरं कोणी नाही. वर्तणूक: अत्युत्तम."

काकीला एकदम कळलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं.

"माणसं कमी केली नव्हती काकी," मी म्हटलं. "काकांनीच नोकरी सोडली. तुझ्यासाठी."

काकी खुर्चीत बसली.

"तीस वर्सां," ती म्हणाली. "तीस वर्सां मी देवीचे पाय धरलंय. तुमी कधी बोललास नाय?"

काका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. "बोलान काय करतलंय? तू त्या दिवसांत सगळ्याचो दोष सोताक लावन घेय होतंस. पोर गेलां माझ्यामुळां, अमुक झालां माझ्यामुळां. त्यात माझी नोकरी पण घातली असतंस. मगे उठली असतंस काय तू?"

"आणि पेन्शन नको म्हटलास तां?"

"पेन्शन होयी होती गो. तेवढां एक पान वाचूक नको होतां."

गुरुदासभाऊंनी चष्मा काढून पुसला. मग पुन्हा छापील आवाजात म्हणाले, "नऊ आणि आठ, सतरा. पेन्शन मंजुरीसाठी पाठवतो." आणि जरा पुढे वाकून, "काकी, एक विनंती. आता ह्या पानाक हळद लावू नको हां. फाइल पुरी होईसर तरी."

मी त्या ऑफिसात रडले आणि हसले, आणि मला त्याची लाज वाटली नाही. सत्यवानाला सावित्रीने परत आणल्याची गोष्ट मी दर वर्षी मुलांना सांगते. आमच्या शेजारी उलटं घडलं होतं आणि मला, सगळ्यांचे कागद वाचणाऱ्या बाईला, पत्ता नव्हता. येताना बाबूच्या टपरीवर मी मुद्दाम थांबले आणि चहा पीत सगळं पान त्याला तोंडपाठ म्हणून दाखवलं. त्याने पैसे घेतले नाहीत.

पेन्शन गणपतीच्या आधी सुरू झाली. दसऱ्याला काकीने मला आणि सगळ्या वाडीला बोलावलं. पाटावर कोयता होता, जाळं होतं आणि खणात गुंडाळलेलं बुक, मिटलेलं. तिने कोयत्याला हळदकुंकू लावलं, जाळ्याला लावलं. बुकापाशी तिचं बोट थांबलं.

"भाऊन सांगल्यान हा, लावू नको म्हणान," मी आठवण करून दिली.

"म्हायत आसा माका."

ती उठली, तशीच कुंकवाचं बोट घेऊन काकांसमोर गेली. काका दारात विडी शोधत होते. सगळ्या वाडीच्या देखत तिने ते बोट त्यांच्या कपाळावर टेकवलं आणि वर दोन अक्षता चिकटवल्या.

काकांनी आधी इकडेतिकडे बघितलं. मग विडी खिशात घातली, टाचा जुळवल्या, छाती काढली आणि तिची पूजा होईपर्यंत सावधानमध्ये उभे राहिले.