नकाशातला जोतिबाचा डोंगर

"यशराज, डोंगर घासून घे," संयोगिता मॅडम मला रोज सांगायच्या, आणि रोज माझं डोकं फिरायचं.

डोंगर घासायचा म्हंजे काय ते सांगतो. शाहूपुरीतल्या आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर हवामानाचा अंदाज काढतात. पण पाऊस कुठं पडणार हे विचारायच्या आधी कॉम्प्युटरला जमीन दाखवाय लागती. कुठं डोंगर हाय, कुठं नदी, कुठं ऊस. मग जगाच्या मोठ्या अंदाजातनं वारं, ऊन, दमट हवा यांचे आकडे घ्यायचे, आपल्या भागापुरते कापायचे आणि त्या जमिनीवर बसवायचे. हे सगळं मांडून द्यायचं काम माझं. भाजी निवडून, चिरून मी देतो, फोडणी मॅडम घालतात.

तर ह्या नकाशाचे असतात मोठे मोठे चौकोन, आणि एका चौकोनाला एकच उंची. दोन चौकोनांत एकदम कडा पडला की कॉम्प्युटरातलं वारं त्याच्यावर आपटून भलतीकडंच उधळतंय, म्हणून उंची घासून बसकी करायची. मी घासली आणि नकाशा उघडला, तर काय लगा, जोतिबाचा डोंगरच न्हाय! नुसता फुगवटा, शेताच्या बांधागत.

"मॅडम, कुलदैवत हाय आमचं! अख्खा जिल्हा चांगभलं म्हणत तो डोंगर चढतोय, आणि आपल्या नकाशात त्याचा पत्ता न्हाय?"

"नकाशात देव नसतो, यशराज. उतार असतो," त्या म्हणाल्या आणि चहाला गेल्या.

लई राग आला. शिवाजी पेठेतला गडी मी, ऐकून घ्यायची सवयच न्हाय. सांगितलं तसं घासायचं काम उरकलं आणि मग गुपचूप, जोतिबाच्या चौकोनात डोंगराची खरी उंची हातानं टाकली. पडद्यावर टोक कसं उभं राह्यलं! नादखुळा! मी मनातल्या मनात चांगभलं म्हणून घेतलं आणि फाईल पुढं सरकवली. मॅडमना वाटलं, पोरानं ऐकलं.

त्याच दुपारी पेठ वडगावातनं निसारमामांचा फोन आला. निसारमामा म्हंजे आईच्या माहेरचे शेजारी. आई त्यांना राखी बांधती, म्हणून ते माझे मामा. त्यांची वीटभट्टी हाय, आणि दिवस वळवाचे होते.

"भाच्या, आभाळाचं काय खरं दिसंना. यंदाची शेवटची भट्टी लावायची हाय. कच्च्या विटा पटांगणात वाळाय टाकल्यात. झाकल्या तर वाळायच्या न्हाईत, न्हाय झाकल्या आणि पाऊस आला तर सगळा चिखल. काय करू सांग."

मी अंदाज बघितला. सगळा पाऊस जोतिबाच्या डोंगरावर, आणि पूर्वेला वडगाव कोरडं ठणठणीत.

"मामा, बिनघोर राव्हा. ताडपत्रीला हातसुद्धा लावू नका. माझ्या हातचा नकाशा हाय त्यो."

"मग झालं तर," मामा म्हणाले. "घरचं माणूस हाय म्हणून विचारलं."

संध्याकाळी वळीव कोसळला तो वडगावावर. जोतिबावर थेंबसुद्धा न्हाय.

सकाळी मॅडमनी नकाशा उघडला. त्या टोकावर बोट ठेवून माझ्याकडं नुसतं बघितलं. "टोकाची उंची अख्ख्या चौकोनाला देऊन खोटा कडा उभा केलास तू. वारं तिथं वर चढलं आणि कॉम्प्युटरनं आसपासचा सगळा पाऊस तिथंच पाडून टाकला." मग मामांच्या फोनचंही मी सांगून टाकलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी उलट चार शब्द बोलून मोकळा झालो असतो. "त्या भट्टीवाल्यांना तूच जाऊन सांग," एवढंच म्हणाल्या.

भट्टीवर गेलो. विटांच्या रांगा होत्या तिथं लाल चिखलाची राड झालती. कुलसुममामी पदर खोचून फावड्यानं ती ओढत होत्या. त्यांनी मला बघितलं आणि परत खाली मान घातली. शेजारच्या भट्टीचे आकाराम मात्र गप बसणाऱ्यातले न्हाईत.

"आलं का तुमचं हवामान खातं? मी झाकल्यात माझ्या विटा, आभाळाकडं बघून!"

"ए आकाराम, पोराला बोलायचं काम न्हाय," निसारमामा तडकले. "त्यानं काय केलं? मशीन चुकलं. माणूस चुकतंय, मशीन चुकणार न्हाय व्हय?"

नुसती मान डोलावली असती तर सुटलो असतो. खरं सांगतो, डोलवायला निघालोही होतो. पण मामा माझ्यासाठी भांडत होते आणि त्यांच्या पायजम्याला गुडघ्यापर्यंत चिखल होता. माझे कान तापले, तोंड कुठं लपवावं कळंना.

"मामा, मशीन न्हाय चुकलं. मी चुकवलं."

सगळं सांगितलं. घासलेला डोंगर, माझा राग, हातानं टाकलेली उंची. सांगताना माझं मलाच ते लई पोरकट वाटाय लागलं. मामींचं फावडं थांबलं.

निसारमामांनी मावळतीकडं बघितलं. पाऊस पडून गेल्यावर आभाळ धुतलं होतं, आणि लांब जोतिबाचा डोंगर स्वच्छ दिसत होता.

"त्यो काय," मामा म्हणाले. "तिथंच हाय की. भट्टीवर आलो की रोज दिसतोय मला. तुझ्या नकाशात नसता तर पडला असता व्हय त्यो?"

मग ते डोंगराकडनं माझ्याकडं वळले.

"डोंगराची काळजी केलीस भाच्या. आमची केली असतीस तर बरं झालं असतं."

आवाजात राग नव्हता, तेच लागलं. आयुष्यात कुणाच्या बापाला भ्यालो न्हाय मी, पण त्या माणसाच्या तोंडाकडं बघायचं धाडस झालं न्हाय. चपला काढल्या, पँट वर दुमडली आणि कुलसुममामींच्या हातातलं फावडं घ्यायला गेलो.

त्यांनी दिलं न्हाय.