जीभ धुवायचं पाणी

हळदीच्या कुळानं बरा होत नाही असा एकही रोग पृथ्वीच्या पाठीवर नाही. हे मत माझं नव्हे, बायकोचं. पण चाळीस वर्षं जामू, म्हणजे कंदमुळांचे कडू काढे, विकणाऱ्या बाईशी संसार केल्यावर मत कुणाचं याला फारसा अर्थ उरत नाही. मला एवढंच नोंदवायचं आहे, की या मतापायी माझ्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू चार वेळा जावातल्या सोलोच्या इस्पितळात गेला आणि चारही वेळा माझ्याबरोबरच मोटारसायकलवर बसून घरी आला.

उजव्या डोळ्याचं नावच काढायला नको. त्याला दिवस आणि रात्र एवढाच फरक कळतो. डावा उघडला नाही, तर उरलेलं आयुष्य वर्तमानपत्र वार्सितीच्या, म्हणजे बायकोच्या, तोंडून ऐकायचं, आणि ती निधनवार्तांनी सुरुवात करून तिथंच थांबते. “ओळखीचं कुणी नाही, पाकने,” म्हणते, म्हणजे पोरांच्या बापा, आणि घडी घालते.

अडचण साखरेची होती, रक्तातल्या. डॉक्टर पालुपी वयानं आमच्या धाकटीएवढ्या, पण आवाज हेडमास्तरणीचा. आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला मानानं पाक म्हणतात, बाईला बू. त्या म्हणाल्या, “दोनशेच्या खाली आणा, पाक. मगच मी डोळ्याला हात लावीन.”

पहिल्या खेपेला दोनशे साठ निघाली. मी भात निम्म्यावर आणला. दुसऱ्या खेपेला दोनशे ऐंशी. मी चहातली साखर सोडली. आमच्याकडे माणूस बिनसाखरेचा चहा प्यायला लागला की शेजारी विचारपूस करायला येतात, तसे आले. तिसऱ्या खेपेला तीनशे दहा.

“तुम्ही चोरून खाता,” डॉक्टर म्हणाल्या.

“बाई, चोरीला निदान एक डोळा तरी धड लागतो.”

तिकडे वार्सिती गप्प बसली नव्हती. साखर चढली, की ती एक कंद वाढवायची. आधी तेमुलावाक होताच. मग तेमु इरेंग आलं. कापलं की आत निळंकाळं, आणि चव अशी की जिभेनं घर सोडून जावं. मग लेंपुयांग. मग आंबेहळद.

“बुने, आता पुरे,” मी तिला म्हणायचो.

“रोग हट्टी आहे.”

“मी मेलो की सोडेल तो हट्ट.”

“अशुभ बोलू नका. तोंड उघडा.”

चौथ्या खेपेला डॉक्टरांनी तिलाच आत बोलावलं. “बू, यांच्या पोटात दिवसभर काय काय जातं, सगळं सांगा.”

वार्सितीनं पदवीदान समारंभात वाचावी तशी यादी वाचली. कुठला कंद किती वाजता, किसलेला की उकळलेला, कुणाच्या बागेतला. डॉक्टर लिहीत होत्या, आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या वाढत होत्या, कारण त्या सगळ्या यादीत साखर कुठंच नव्हती.

“एवढं कडू हे पितात तरी कसं?”

“पितात की. वर लगेच गोड पाणी देते ना.”

पेन थांबलं. “कसलं गोड पाणी?”

“जीभ धुवायचं. माडाचा गूळ, आलं, चिंचेचा कोवळा पाला.”

“किती देता?”

“पेलाभर. कडू वाढलं, तसं तेही वाढवलं. इतकी काही मी निर्दय नाही.”

“दिवसातून किती वेळा?”

“सातदा.”

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “बू, हे आधी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही पोटाचं विचारलंत. हे जिभेसाठी असतं.”

इथं मला खरं बोललं पाहिजे. मलाही ते कधी सुचलं नव्हतं. आमच्या गावात कुणालाच सुचलं नसतं. कडू ते औषध. गोड पाणी ही माणुसकी. माणुसकी कोण मोजतं?

“आजपासून गोड पाणी बंद,” डॉक्टर म्हणाल्या.

वार्सिती उठून उभी राहिली. “माझ्या आईनं कडू तोंडानं एक गिऱ्हाईक दारातून जाऊ दिलं नाही. आणि मी नवऱ्याला तसा ठेवू?”

“मग कडूही बंद करा.”

“कडू बंद? आणि साखर कशानं उतरायची?”

“गोळ्यांनी!”

“गोळ्या चार महिने चालूच आहेत. उतरली?”

“मला कुणी विचारणार आहे का?” मी म्हणालो.

“नाही,” दोघी म्हणाल्या. तेवढ्यावर त्यांचं एकमत झालं.

शेवटी डॉक्टरच थकल्या. एकच कडू, तेही सकाळी, आणि वर साधं पाणी. वार्सिती रोज तो पेला माझ्या हातात देऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहायची, जणू घरात खून चालला आहे. तीन आठवड्यांनी साखर एकशे सत्तरवर आली. गल्लीभर बातमी झाली, की तेमु इरेंगनं काम केलं.

डोळा झाला. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, आणि मला वार्सितीचे केस दिसले, सगळे पांढरे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बोटं नखांच्या मुळापर्यंत पिवळी होती. मी काहीतरी बोलणार होतो, पण डॉक्टरांनी आधीच सुरुवात केली होती.

“हे पथ्यानं झालं, गोळ्यांनी झालं. कंदांनी नाही. गावात नीट सांगा, बू.” त्यांचा आवाज पार बसला होता, अर्धं वाक्य हवेत, अर्धं खोकल्यात.

वार्सिती नुसती त्यांच्या गळ्याकडे बघत राहिली.

डॉक्टरांनी नर्सला फाईल आणायला पाठवलं, दार लोटलं आणि खुर्ची पुढे ओढली.

“बू, दुपारी अजून सहा डोळे आहेत आणि घशातून आवाज निघत नाहीये. तुमच्या पिशवीत घशाचा तो कंद, केंचूर, असेल ना?” मग त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि आणखी हळू म्हणाल्या, “आणि वरचं गोड पाणी जरा सढळ हातानं द्या.”