फाटकापाशी उभे दगड

माणसानं म्हातारपणी काय करावं? जप करावा, नाहीतर व्हरांड्यात बसून लोकांच्या पोरींची लग्नं जमवावीत. आमच्या ह्यांनी, म्हणजे तुलसीरामनी, रेल्वे काढली! तीही क्वात्र बॉर्न गावातल्या आमच्या एवढ्याशा घरात, माझ्या जेवायच्या टेबलावर. आमच्या बेटावरच्या आगगाड्या बंद होऊन चौदा वर्षं झाली होती. पितों गावाकडचं मालाचं स्टेशन, जिथं हे नोकरीला होते, ते कधीच उसात गडप झालं होतं. ह्यांच्या लाकडी फळीवर मात्र ते चिमुकलं होऊन हळूहळू परत उभं राहत होतं. रूळ झाले, गोदाम झालं, पाण्याची टाकी झाली, आणि अर्धांगवायूचा झटका येऊन ह्यांचा उजवा हात गेला. राहिली ती साखरेच्या बैलगाड्या यायच्या त्या यार्डातली दगडी फरसबंदी, आणि ती पडली माझ्या गळ्यात.

ते काम कसलं असतं, ते मला विचारा. फळीवर प्लास्टरचा पातळ थर द्यायचा. तो अर्धवट वाळला की सार्डिन मासळीच्या डब्याचा पत्रा वाकवून केलेला लांबोळा ठसा दाबायचा. एक दाब, एक दगड, तांदळाच्या दाण्याएवढा. घाई केली तर चिकटतो, उशीर केला तर तडकतो. एका ओळीचा सांधा दुसऱ्या ओळीच्या सांध्यासमोर येता कामा नये. मग काळं पाणी फासून लगेच फडक्यानं टिपायचं, म्हणजे फटींत तेवढं काळं राहतं. पहिल्या दिवशी दोनशे दगड दाबले, तर हे म्हणतात, "विद्या, हे यार्ड आहे की करंजीची कड? इतकं सारखं कुठं असतं?"

"मग बैलांना करंज्याच तुडवू द्या!" मी ठसा फेकलाच. दुसऱ्या दिवशी गुपचूप उचलला. मान मोडून आली होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं. मो फातिगे, दमले बाई मी, असं भिंतीला ऐकवत दाबत राहिले.

दगड नेहमी बैलगाडीच्या वाटेला आडवे घालायचे. म्हणजे बैलाचा खूर फटीफटीत धरतो, घसरत नाही. हेही ह्यांनीच शिकवलं. आणि फाटकापाशी आल्यावर हेच म्हणाले, "इथं उभे दाब. वाटेच्या दिशेनं."

"उभे? अहो, बैल घसरतील की."

"घसरलेच होते," हे म्हणाले.

ते मला ठाऊक होतं. एकसष्ट साली पाऊस पडून गेल्यावर तिथंच साखरेची बैलगाडी घसरली आणि कृष्णदेवच्या पायावर आली. कृष्णदेव तिथला हमाल, ह्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. हे तिथले मुकादम होते. तेव्हापासून ह्यांचं एकच पालुपद, फाटकापाशी दगड चुकीचे बसवले होते, उभे होते.

पण त्या फाटकातून वर्षानुवर्षं मी ह्यांचा डबा नेलाय. अनवाणी. माझ्या तळव्यांना ते दगड पाठ आहेत. आडवेच होते, सगळ्या यार्डासारखे. पाऊस पडला की खूर घसरू नयेत म्हणून दगडांवर इंजिनाची राख पसरायची, हे मुकादमाचं काम. त्या दिवशी मी पोचले तेव्हा दगड उघडे चमकत होते आणि राखेची घमेली भिंतीशी तशीच भरलेली होती. सतरा वर्षं मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. आणि आता गणपतीला कृष्णदेव येणार होता, हेच यार्ड बघायला.

"नका हो असं करू," मी म्हटलं.

"दाब."

मला राग नाही आला, कीव आली. आणि खरं सांगू? भांडायचंही त्राण उरलं नव्हतं. दाबले एकदाचे उभे.

गणपतीच्या दिवशी कृष्णदेव कुबडी टेकत बसनं आला. मोदक खाल्ले, मग टेबलाशी गेला. हे खुर्चीत ताठ बसलेले, नजर त्याच्या तोंडावर. कृष्णदेव फाटकापाशी वाकला. उभ्या दगडांवरून बोट फिरवलं. मग ह्यांच्याकडे बघून म्हणाला, "बरोबर आहे रे तुलसी. इथं उभेच होते दगड."

आयो! ज्याचा पाय त्या दगडांवर गेला, त्याला का ठाऊक नसेल? ह्यांच्यासाठी खोटं बोलत होता तो.

ह्यांना ते सोसवलं नाही. डावा हात पुढं करून नखांनी ते दगड खरवडायला लागले. प्लास्टरचा भुगा झाला. "आडवे होते," हे रडत म्हणाले. "राख मी टाकली नव्हती. आगगाडी भरायची घाई होती मला. माझ्यामुळं गेला तुझा पाय."

"ठाऊक आहे. पडल्या पडल्या ती भरलेली घमेलीच दिसली मला."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

कृष्णदेवनं कुबडी टेबलाला टेकवली आणि ह्यांचा तो निकामी हात हातात घेतला. "दर रविवारी पितोंला यायचास, माझी लाकडं फोडून द्यायचास. बोललो असतो तर लाजेनं यायचाच बंद झाला असतास. पाय तर गेलाच होता, तुलसी. तूही गेला असतास."