बिल्ला नसलेला माणूस

शेटलंडमधल्या स्टूरहोम बेटावर उतरणाऱ्याने धक्क्यावरच्या फळीवरून एक पितळी बिल्ला काढून गळ्यात घालायचा आणि परतताना तो आपल्या हाताने खिळ्याला अडकवायचा, असा नियम होता. शेवटची होडी सुटली आणि फळी भरलेली दिसली, की बेट रिकामं. रॅस्मी लीस्क मात्र बिल्ला घेत नसे. तो याच बेटावर जन्मला होता. सरकारने पक्ष्यांसाठी राखीव केलं म्हणून बेट काही त्याला परकं झालं नव्हतं.

"मामा, घाल की एकदा. मान मोडणार नाही," बेटावरच राहणारी राखणदार, त्याची भाची ऑस्ला त्या दिवशीही म्हणाली.

"बिल्ले मेंढरांच्या कानात असतात. मी मेंढरू आहे?"

"मेंढरं तरी ऐकतात."

होडीवाला टॅमी हसला. ऑस्लाने विषय सोडला. सत्तरीच्या मामाशी कोण डोकं लावणार.

खुंट्या ठोकलेली वाट लांबून जाई. ती पाहुण्यांसाठी. रॅस्मी आईच्या पडक्या घराकडे सरळ माळावरून निघाला. माळावर बाँक्सींची घरटी होती. बाँक्सी म्हणजे बदकाएवढा तपकिरी समुद्रपक्षी. पिल्लांजवळ कोणी फिरकलं की सरळ डोक्यावर झेपावतो. अशा वेळी काठी डोक्याच्या वर धरायची, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. रॅस्मीने काठी वर धरली, नजरही वरच ठेवली आणि पाय चिखलाच्या खाचेत गेला. घोटा कडकन वाजला.

फोनला तिथे रेंज नव्हती. ओरडून ओरडून घसा बसला. तिथूनच त्याला शेवटची होडी जाताना दिसली. टॅमीला वाटलं असणार, म्हातारा भाचीकडे जेवायला थांबला. अधूनमधून तो थांबायचाही. ऑस्लाला वाटलं असणार, मामा होडीने गेला. फळी तर भरलेलीच. कुणाचंच काही चुकलं नव्हतं, हे त्याला जास्त झोंबलं.

पश्चिमेकडून पाऊस येत होता. रात्रभर भिजलो तर सकाळ दिसायची नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. रॅस्मी घाबरला.

बाँक्सींचा मारा चालूच होता. कोपरांवर रांगत तो घरट्यांपासून बराच खाली आला, तसे पक्षी गप्प झाले. त्याला बरं वाटलं. मग त्याने वर पाहिलं. डोक्यावर एकही पक्षी नव्हता. धक्क्याजवळच्या खोलीतून ऑस्लाला हा माळ दिसतो. माळावर कुणी नाही, असंच आता तिला दिसत असणार.

शिव्या घालत तो पुन्हा वर रांगला, थेट घरट्यांच्या रोखाने. टोपी काठीवर अडकवून उंच नाचवली.

"या रे नालायकांनो, या."

ते आले. एकाने कान फोडला. तरी रॅस्मी काठी नाचवत राहिला.

पाऊस लागायच्या आत ऑस्ला धापा टाकत पोचली.

"भांडी घासताना खिडकीतून पाहिलं," ती त्याचा बूट सोडवत म्हणाली. "होडी गेल्यावर हे पक्षी कुणावर चिडलेत, तेच कळेना."

"म्हणून मला शोधायला निघालीस."

"तुला नाही, मामा. तू घरी पोचलास असंच धरून चालले होते. कुणीतरी परकं माणूस राहिलंय, एवढंच वाटलं."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

"माझा जन्म इथला आहे," तो पुटपुटला.

"पक्ष्यांना कुठे माहीत? म्हणून तर वाचलास."

ऑस्लाने वायरलेसवरून बोलावल्यावर टॅमी होडी घेऊन परत आला. दोघांनी मिळून त्याला धक्क्यावर आणलं. फळीपाशी रॅस्मीने त्यांना थांबवलं.

"एक बिल्ला दे."

"आता कशाला? चाललास ना?"

"दे म्हणतो ना."

तिने दिला. त्याने तो गळ्यात घातला, लगेच काढला आणि आपल्या हाताने खिळ्याला अडकवला.

"आता गेले सगळे," तो म्हणाला.